उडी बसेपर्यंत: पहिला प्लॅटफॉर्मर गेम करायला घेतलेल्यांसाठी

पहिला प्लॅटफॉर्मर (धावत-उडत खड्डे आणि मजले पार करायचा गेम) करायला घेतला तेव्हा उडी मी पंधरा मिनिटांत उरकली होती. गोडो या गेम बनवायच्या इंजिनात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, पात्र हलवण्याचा तयार साचा मिळतो. त्यात उडीचा वेग उणे ४०० आणि प्रकल्पात गुरुत्वाकर्षण ९८० असे आकडे आधीच भरलेले असतात. (टूडीत वाय अक्ष खाली वाढत जातो, म्हणून वर जायचं तर उणे.) स्पेस दाबला, पात्र वर गेलं, खाली आलं. झाली उडी, म्हणून मी लेव्हल रचायला बसलो. त्या पंधरा मिनिटांची भरपाई पुढे दोन महिने करत होतो.

पहिली तक्रार माझीच होती. पात्र फुग्यासारखं तरंगायचं. मग सगळे नवशिके करतात तेच मी केलं. गुरुत्वाकर्षण वाढवलं, तर उडी बुटकी झाली. वेग वाढवला, तर उंच झाली, पण तरंगणं परत आलं. पुन्हा गुरुत्वाकर्षण, पुन्हा वेग. दोन दिवस हा खेळ चालला. चूक साधी होती. गुरुत्वाकर्षण आणि वेग हे आकडे इंजिनाला लागतात, पण आपल्या डोक्यात ते कधीच नसतात. आपल्याला माहीत असतं ते एवढंच की उडी किती उंच हवी आणि वर पोचायला किती वेळ लागावा. तेव्हा ते दोन आकडे आधी ठरवायचे आणि बाकीचे त्यातून काढायचे.

गणित शाळेतलंच आहे. सुरुवातीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वर पोचायचा वेळ. गुरुत्वाकर्षण म्हणजे उंचीची दुप्पट भागिले त्या वेळेचा वर्ग. माझ्या टाइल, म्हणजे लेव्हल ज्यांनी रचतात ते चौकोनी तुकडे, ३२ पिक्सेलच्या होत्या. तीन टाइल उंच म्हणजे ९६ पिक्सेल उडी, ०.३५ सेकंदांत माथ्यावर, असं ठरवलं. वेग आला ५४९ आणि गुरुत्वाकर्षण १५६७. साच्यातली मूळ उडी पात्राला जवळजवळ ०.८ सेकंद हवेत ठेवत होती आणि तेवढ्यात जेमतेम ८२ पिक्सेल उचलत होती. तरंगणार नाही तर काय! हीच मांडणी गेम बनवणाऱ्या काइल पिटमन यांनी २०१६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात फार छान उलगडून सांगितली आहे. मी ते उशिरा पाहिलं. तुम्ही आधी पाहा.

उडी सुधारली, तीन आठवडे लेव्हल रचल्या, आणि मग मला एक सुबुद्धी सुचली. वर जाताना आणि खाली येताना गुरुत्वाकर्षण सारखंच असायला हवं असं काही नाही. खाली येताना ते दीडपट-पावणेदोनपट केलं की उडीला वजन येतं आणि पात्र जमिनीवर नीट टेकतं. बऱ्याच गेममध्ये हे करतात. मी १.६ पट केलं. हाताला इतकं छान लागलं की मी दहा मिनिटं नुसता जागच्या जागी उड्या मारत होतो. मग दुसरी लेव्हल उघडली आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो.

काय झालं ते कागदावर बघा. पात्राचा आडवा वेग सेकंदाला २०० पिक्सेल. आधी हवेतला वेळ ०.७ सेकंद, म्हणजे उडी १४० पिक्सेल लांब. माझे मोठे खड्डे पाच टाइलचे, म्हणजे १६० पिक्सेलचे. पात्राची टक्करचौकट, म्हणजे टक्कर मोजायला इंजिन धरतं तो न दिसणारा चौकोन, २२ पिक्सेल रुंद. मागची कड काठावर असताना उडायचं आणि पुढची कड पलीकडे टेकली की पोचलो, म्हणून खरं अंतर १३८. पार होत होतं, दोन पिक्सेल राखून. नव्या उडीत खाली यायला ०.३५ ऐवजी ०.२८ सेकंद लागत होते आणि लांबी १२५ वर आली. प्रत्येक मोठा खड्डा अशक्य झाला. शिवाय दोन पिक्सेल राखून पार होणारा खड्डा मी ‘सोपा’ म्हणून ठेवला होता, ही मूर्खपणाची गोष्ट वेगळीच.

प्लॅटफॉर्मरमध्ये उडी हे मापाचं एकक असतं. खड्ड्याची रुंदी, पायरीची उंची, शत्रूंमधलं अंतर, सगळं तिच्यावरून ठरतं. १९८० च्या ‘स्पेस पॅनिक’मध्ये मजले आणि शिड्या होत्या, उडी नव्हती. पुढच्याच वर्षी ‘डाँकी काँग’ आला आणि त्यातल्या नायकाचं नावच आधी जंपमॅन होतं, तो पुढे मारिओ झाला. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल मी आजही नवीन मुलांना उघडून दाखवतो. शेवटाकडे समोरासमोर दोन जिने येतात, मध्ये सपाट जमीन. चुकलात तरी काही होत नाही. थोडं पुढे तसेच जिने पुन्हा येतात आणि आता मध्ये खड्डा असतो. एक अक्षर न लिहिता शिकवणी झाली. पण असा जिना रचायचा तर उडी आधी पक्की हवी. माझ्या गेममध्ये आता एक रिकामी खोली ठरलेली असते. तिच्यात एक ते सहा टाइलचे खड्डे आणि एक ते पाच टाइलच्या भिंती. उडीचा एकही आकडा बदलला की आधी तिथे जायचं.

आता भाचीची गोष्ट. ती नऊ वर्षांची आणि माझी सगळ्यात कठोर परीक्षक. खेळता खेळता खड्ड्यात पडली की ओरडायची, “मामा, मी दाबलं होतं बटण!” मी म्हणायचो, “उशिरा दाबलंस.” ती मानेना. शेवटी तिची बोटं आणि पडदा दोन्ही दिसतील असं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. दोघंही खरे निघालो. तिने बटण दाबलं होतं, पण पात्राने काठ सोडून चार फ्रेम झाल्या होत्या. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, आणि तेवढ्यात पात्र पुढे गेलेलं १३ पिक्सेल. अर्धी टाइलही नाही. डोळ्याला ते पात्र अजून काठावरच दिसतं. अशा भांडणात निकाल नेहमी खेळणाऱ्याच्या बाजूने द्यायचा.

यावरच्या उपायाला कायोटी टाइम म्हणतात. कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी कड्यावरून पुढे धावत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही, त्यावरून. काठ सुटल्यावरही काही फ्रेम उडीची परवानगी चालू ठेवायची. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये ही सवलत ०.१ सेकंदाची आहे. त्या गेमच्या पात्राचा कोड तो करणाऱ्यांनी सगळ्यांसाठी खुला केला आहे. तो जरूर वाचा, कुठल्याही शिकवणीपेक्षा जास्त हाती लागेल. त्यात उडताना डोकं एखाद्या कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत घासलं तर पात्राला हळूच बाजूला सरकवतात. बटण धरून ठेवलं तर माथ्यापाशी गुरुत्वाकर्षण निम्मं होतं. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, त्याला वाटतं आपला हात बसला.

याच्या उलट बाजूची सवलत म्हणजे बफर. जमिनीला टेकण्याच्या जरा आधी बटण दाबलं, तर ते विसरायचं नाही, टेकताक्षणी उडवायचं. दोन्हींसाठी एकेक मोजणी ठेवावी लागते, आणि उडी घेतल्याबरोबर दोन्ही शून्य करायच्या. मी कायोटीची मोजणी शून्य करायला विसरलो होतो. पटापट दोनदा बटण दाबलं की फुकटची दुसरी उडी मिळायची. भाचीने ते शोधून काढलं आणि आठवडाभर मला सांगितलंच नाही.

बटण लवकर सोडलं तर उडी छोटी, हेही पाहिजेच. वर जात असताना बटण सुटलं की वेग निम्मा करायचा, एका ओळीचं काम आहे. अ‍ॅनिमेशन करणाऱ्या मित्राशी मात्र एका गोष्टीवरून वाद होईल, तेव्हा तयारी ठेवा. त्याला उडीआधी पात्राने गुडघे वाकवलेले हवे असतात, आणि चित्रकलेच्या हिशेबाने त्याचं बरोबरच असतं. पण त्या चार-पाच फ्रेम पात्र उडत नाही आणि खेळणाऱ्याला बटण अडकल्यासारखं वाटतं. आमच्यात तडजोड अशी झाली की पात्र लगेच उडेल आणि दबणं-ताणणं हवेत गेल्यावर दिसेल.

हे सगळं ‘बरोबर उडी’ची व्याख्या म्हणून घेऊ नका. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’त उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक उडी विचार करून घ्यावी लागते आणि भीती तिथूनच येते. २०१० च्या ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’त उडीच नाही, गुरुत्वाकर्षण उलटतं. तुमची उडी जड असली तरी चालेल, फक्त ती ठरवून जड केलेली असावी.

नोकरीसाठी काय दाखवायचं, असं बरेच जण विचारतात. मी बारा लेव्हलचा गेम घेऊन गेलो होतो. मुलाखत घेणारे गृहस्थ पहिल्या खोलीतून पुढे सरकलेच नाहीत. जागच्या जागी उड्या, अर्ध्या उड्या, भिंतीला घासून उड्या. मग काठावरून मुद्दाम उशिरा बटण दाबलं आणि म्हणाले, “ही उडी बुटकी का?” माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. कागद घेतला. त्या १.६ पट गुरुत्वाकर्षणाने पाच फ्रेम पडल्यावर खालच्या दिशेचा वेग २०९ झालेला असतो. मी त्यात वरच्या दिशेचे ५४९ मिळवत होतो, म्हणजे उरले ३४०, आणि तेवढ्यात उडी होते ३७ पिक्सेलची. तीन टाइलच्या जागी जेमतेम एक. वेग मिळवायचा नव्हता, आधीचा पुसून नवा ठेवायचा होता. एका चिन्हाचा फरक. तिथेच लॅपटॉप ओढून ती ओळ बदलली. त्यांनी पुन्हा काठावरून उशिरा उडी मारली, आणि मग दुसऱ्या खोलीत गेले.