तिथी आणि तारीख जुळवताना या चुका टाळा

पंचांग आणि इंग्रजी कॅलेंडर, दोन्हींचं गणित आपापल्या जागी चोख आहे. घोळ होतो तो एकाचा नियम दुसऱ्याला लावल्यामुळे.

सगळ्यात जास्त वाद इतिहासातल्या तारखांवरून होतात. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही तारीख एखाद्या अ‍ॅपमध्ये टाकली की शुद्ध अष्टमीच्या आसपासची तिथी दिसते, आणि लोक तारीखच खोटी ठरवून मोकळे होतात. तारीख ज्युलियन पद्धतीची, म्हणजे जुन्या इंग्रजी कॅलेंडरची आहे, आणि अ‍ॅप ती आजच्या कॅलेंडरची धरतं, एवढंच. ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचं, म्हणजे सौरवर्षाहून सुमारे ११ मिनिटं मोठं. तो फरक साचत गेला म्हणून १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर धरला गेला. इंग्रजांनी मात्र ही सुधारणा १७५२ मध्ये स्वीकारली. शिवकाळातल्या ज्युलियन तारखेत १० दिवस मिळवा: १ मार्च १६३०. तिथी जुळते. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ तसाच १६ जून होतो.

शक काढताना सरसकट ७८ वजा करू नका. तसं केलं तर शिवजन्माचा शक १५५२ येतो. गुढीपाडव्याच्या आधीची तारीख असेल, तर ७९ वजा करायचे.

तिथी २४ तासांची नसते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. त्याला साधारण १९ ते २६ तास लागतात. सूर्योदयाला जी तिथी असेल ती सहसा त्या दिवसाची. (संकष्टीला चंद्रोदय बघतात, गणेश चतुर्थीला मध्यान्ह.) म्हणून परदेशात पुण्या-मुंबईचं पंचांग जसंच्या तसं वापरू नये. समजा, एकादशी मुंबईत मंगळवारी सकाळी ७ ला संपते. उन्हाळ्यात न्यू जर्सीत तेव्हा सोमवारचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. तिथल्या मंगळवारच्या सूर्योदयाला द्वादशी लागलेली असते, म्हणजे एकादशी सोमवारची.

अधिक मासातही गल्लत होते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा जवळजवळ ११ दिवसांनी लहान, म्हणून ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत (एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणं) येत नाही तो अधिक धरतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण १८ जुलैला लागला. नागपंचमी मात्र निज, म्हणजे त्यानंतरच्या नेहमीच्या श्रावणात, २१ ऑगस्टला आली.