वरणात पाणी वाढवण्याआधी: तंगीच्या महिन्यात मुलांचं जेवण

मजुरी थांबली, पगार अडकला, पाऊस लांबला, की पहिला फरक पातेल्यात दिसतो. डाळ तेवढीच, पाणी दोन तांबे जास्त. मोठी माणसं आणखी एक भाकरी खाऊन वेळ मारून नेतात. तीन वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, कारण एका बैठकीला त्याचं पोट वाटी-दीड वाटीत भरतं. त्या वाटीत पाणी गेलं तर पोट भरतं, मूल रडत नाही, आणि तरीही उपाशी राहतं. म्हणून तंगीत मुलांसाठी सगळ्यात आधी सांभाळायचा तो दाटपणा. काय शिजवलं हा प्रश्न त्यानंतरचा.

साधा नियम असा: वरण फोडणीला टाकून वाढवण्याआधी मुलांचा वाटा काढून घ्यायचा. एक वाटी डाळ तीन वाट्या पाण्यात कुकरला लावली, घोटली, की त्यातली तळाची दाट डाळ मुलांच्या वाट्यांत आधी. मग उरलेल्यात हवं तेवढं पाणी घालून मोठ्यांची आमटी करा. लहान बाळाला ‘डाळीचं पाणी’ पाजायची पद्धत घराघरांत आहे, पण डाळीचं सत्त्व खाली बसलेल्या डाळीत असतं, वरच्या निवळीत फारसं काही उतरत नाही. सहा महिन्यांनंतरच्या बाळाचं वरणही चमचा तिरका केल्यावर हळू सरकेल एवढं दाट हवं. चमच्यातून धार लागली तर ते पातळ.

दुसरी गोष्ट, प्रत्येक मुलाची वाटी वेगळी. एका ताटात सगळे जेवले की धाकटं किती खातं याचा पत्ता लागत नाही, आणि मोठं भावंड भराभर उचलतं.

दिवसाला लागतं किती

तीन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी साधारण १००० ते १०५० कॅलरी लागतात, सात-आठ वर्षांच्या मुलाला १७००च्या आसपास. तीन वर्षांच्या मुलाचा हिशेब कच्च्या मालात मांडला तर: धान्य १२० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य ३५ ग्रॅम, शेंगदाणे २० ग्रॅम, तेल चार चहाचे चमचे, गूळ १५ ग्रॅम, दूध एक वाटी, थोडी पालेभाजी आणि एखादं फळ. सात वर्षांच्या मुलाला धान्य २२० ग्रॅम, डाळ ५०, शेंगदाणे ३०, तेल पाच-सहा चमचे. नेहमीची आमटीची वाटी (१५० मिली) कोरड्या डाळीने सपाट भरली तर १२५ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे दोन मुलांच्या दिवसभराच्या डाळीला पाऊण वाटीही लागत नाही. महिन्याला अडीच-तीन किलो डाळ-कडधान्य केवळ मुलांच्या नावाने बाजूला ठेवता आलं, तर अर्धी लढाई तिथेच.

यातलं तेल वाचून पुष्कळांच्या भुवया उंचावतात. मोठ्यांना तेल कमी करा म्हणतात ते खरं, पण लहान मुलाच्या एवढ्याशा जेवणात कॅलरी भरायचा तेल हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. एक चहाचा चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी. भाजीला जास्त तेल ओतण्यापेक्षा मुलाच्या वाटीतल्या भातावर किंवा भाकरीच्या कुस्कऱ्यावर वरून घाला, म्हणजे ते त्याच्याच पोटात जातं.

पैसे कुठून काढायचे

आधी चिप्स-बिस्किटांची पाकिटं बंद. एका मुलामागे रोज पाच रुपयांचं एक पाकीट म्हणजे महिन्याला दीडशे रुपये. अंडं सात-आठ रुपयांना धरलं तरी तेवढ्यात अठरा ते एकवीस अंडी येतात. रोज एक अंडं परवडत नाही म्हणणाऱ्या घरात बहुतेकदा रोज एक पाकीट परवडत असतं. मुलं रडतात, तीन-चार दिवस जातात, मग विसरतात. त्या वेळेला हाताशी गूळ-शेंगदाणा, फुटाणे (लहानाला कुटून) किंवा घुगऱ्या मात्र हव्यात. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर आजी-आजोबांच्या कनवटीतून पाच रुपये निघतातच.

मग चहा. अर्धा लिटर दूध आलं की ते बघता बघता चहात जातं. तापवल्याबरोबर मुलाची वाटी आधी काढून ठेवा आणि त्यात पाणी घालू नका. पेलाभर पाणीदार दुधापेक्षा अर्धा पेला निकं दूध बरं. मुलाला चहा-बिस्किट, चहा-चपाती ही न्याहारी देऊच नका. चहामुळे भूक मरते आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

डाळींत तूर महाग असेल तेव्हा मसूर, मटकी, चवळी, हुलगा यांच्यावर दिवस काढा, प्रथिनं जवळपास तेवढीच मिळतात. सोयाबीनच्या वड्या तर कोरड्या वजनाच्या निम्म्या प्रथिनंच असतात. एका मुलाला आठवड्यातून दोनदा कोरड्या १५ ग्रॅम पुरतात. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळा, पुन्हा पाणी घालून पिळा, बारीक चिरून भाजीत किंवा खिचडीत टाका. एकदाच पिळल्या तर वास राहतो आणि मूल दुसऱ्यांदा तोंड लावत नाही.

मराठवाडा-विदर्भात घरचं सोयाबीन पोत्यांनी विकलं जातं आणि त्याच घरात मुलाला बिस्किट आणलं जातं, हे बघवत नाही. चार-पाच किलो मागे ठेवा. रात्रभर भिजवून पाणी फेका, नव्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं चांगलं उकळा, उन्हात खडखडीत वाळवा, मंद भाजा, आणि नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळून आणा. उकळणं टाळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते शिजल्याशिवाय जात नाहीत. पोट फुगतं, ढाळ लागते आणि मग ‘सोयाबीन बाधतं’ म्हणून ते कायमचं बंद होतं.

कोकणपट्टीत जवळा आणि सुकट घरात असतेच. चाळून वाळू काढा, दोनदा धुऊन खारटपणा घालवा, तव्यावर कोरडी भाजून कांद्याबरोबर परता. मूठभर सुकट भाताबरोबर दोन मुलांना पुरते. लहानाला द्यायची तर कुटून.

घरचं पीठ

तंगीच्या महिन्यात एक डबा तयार असला की कुठल्याही वेळी पंधरा मिनिटांत मुलाचं खाणं होतं. गहू किंवा नाचणी अर्धा किलो, हरभरा डाळ किंवा मूगडाळ पाव किलो. दोन्ही वेगवेगळं भाजायचं, कारण डाळ धान्याच्या आधी लाल होते. एकत्र टाकलं तर डाळ करपते नाहीतर गहू कच्चा राहतो. गहू तडतडायला लागला, डाळीचा खमंग वास आला की उतरवा. परातीत पसरून पूर्ण गार करा. गरम असताना डब्यात भरलं की आत वाफ धरते, गाठी होतात आणि आठ दिवसांत बुरशी.

शेंगदाणे या पिठात दळू नका. ते गिरणीत चिकटतात, आणि तेल सुटून अख्खं पीठ खवट होतं. १२५ ग्रॅम शेंगदाणे वेगळे भाजून, सोलून, कूट करून लहान डब्यात ठेवा, संपलं की नवं करा. सुरकुतलेले, काळपट, कडू लागणारे दाणे निवडून फेकून द्या. त्यांच्यावरच्या बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही. स्वस्तात मिळालेल्या दाण्यांत असे दाणे जास्त निघतात.

शिजवताना मोठे दोन चमचे (२५ ग्रॅम) पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर सहा-सात मिनिटं हलवत राहा. उतरवल्यावर दहा ग्रॅम कूट, एक चमचा तेल किंवा तूप, सुपारीएवढा गूळ. ही वाटी सव्वादोनशे कॅलरींच्या आसपास जाते. तेवढ्याच आकाराच्या पातळ भाताच्या पेजेत पन्नासच्या आसपास निघतात. वर्षाच्या आतल्या बाळाला यात गूळ आणि मीठ नको, मध तर मुळीच नको.

लापशी दाट झाली की लहान बाळाला गिळायला जड जाते आणि आई पुन्हा पाणी ओतते. यावर मोड आलेल्या नाचणीचं पीठ हा उत्तम उपाय, आणि तो विनाकारण मागे पडला आहे. नाचणी बारा तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून दीड दिवस ठेवा, पांढरे अंकुर दिसले की उन्हात वाळवा, अगदी हलकी शेकून दळा. दाट लापशी शिजवून बोट सोसवेल इतपत कोमट झाली की त्यात अर्धा चमचा हे पीठ मिसळा. चार-पाच मिनिटांत पाणी न घालता ती सैल होते, कारण मोडांतलं पाचक द्रव्य पिठुळपणा फोडतं. मग पुन्हा एक उकळी आणून द्या. पीठ लाल होईस्तोवर भाजलं किंवा उकळत्या लापशीत टाकलं तर ते द्रव्यच मरतं आणि लापशी घट्टच राहते. यासाठी ज्वारीचे मोड वापरू नका, त्यात विषारी अंश तयार होतो.

आणि नाचणी गाळून ‘सत्त्व’ काढायच्या भानगडीत वर्षावरच्या मुलासाठी पडू नका. चोथ्याबरोबर कॅल्शियम आणि लोह दोन्ही फेकलं जातं.

पाला, लिंबू, तवा

शेवग्याचा पाला फुकट मिळतो. काड्या काढून मुलामागे मूठभर पाला डाळीत किंवा थालीपिठात घाला. जास्त झाला तर कडसर लागतो. मुळ्याचा, बिटाचा, फ्लॉवरचा कोवळा पाला फेकू नका. आठवडी बाजार उठायच्या वेळी गेलं तर माठ, चवळई, राजगिऱ्याच्या जुड्या निम्म्या दरात मिळतात. धुऊन मग चिरा, चिरून धुऊ नका. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला आंबट सोबत हवं, म्हणून ताटात लिंबाची फोड, नाहीतर कच्चा टोमॅटो, पेरू किंवा आवळा. लोखंडी कढई-तवा विकला नसेल तर बाहेर काढा, टोमॅटोची किंवा आमसुलाची भाजी त्यात शिजवली की थोडं लोह उतरतं. गुळाच्या खड्यावर मात्र लोहासाठी भिस्त ठेवू नका.

तीळ, जवस आणि कारळाची चटणी अशा दिवसांत फार कामाची. दोन चमचे बिनसोललेल्या तिळांतून शंभर मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. मुलांसाठी तिखट वेगळं ठेवून, तेलात कालवून द्या. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका, ठसका लागून श्वासनलिकेत अडकतात. कुटूनच.

एकाच पातेल्यात भागवायचं तर वरणफळं आणि मूगडाळीची खिचडी यांना तोड नाही. खिचडीत तांदळाच्या दोन वाट्यांना डाळ एक वाटी हवी. चमचाभर डाळ दाखवायला टाकली की तो पिवळा भात होतो.

हक्काचं आहे ते आणा

अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असेल तर माणशी ५ किलो धान्य, अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो, आणि २०२३पासून ते मोफत आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलात तरी आधार जोडलेलं कार्ड तिथल्या दुकानात चालतं, म्हणून कार्ड गावी कपाटात ठेवून निघू नका. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहाच्या मुलाला गरम ताजा आहार. घरी आणलेलं पाकीट सगळ्यांच्या ताटात वाटलं तर कोणालाच पुरत नाही, ते त्या मुलाच्या नावाने वेगळं ठेवा. चव आवडत नसेल तर कांदा-कोथिंबीर घालून धिरडी करा. पहिली ते पाचवीच्या मुलाच्या शालेय पोषण आहारात १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली असते, अंदाजे ४५० कॅलरी. रविवारी आणि मे महिन्यात तो भार घरावर येतो, म्हणून हिशेब करताना सुट्ट्या आधी मोजा. शाळेत जेवलं म्हणून संध्याकाळचं खाणं मात्र कापू नका.

लोहाचं औषध आशाताईंकडे, शाळकरी मुलाला शाळेत मिळतं: सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मिली, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत आठवड्याला एक गुलाबी गोळी. जंताची गोळी वर्षातून दोनदा. पोटात जंत असताना वाढवलेला घास बराचसा वाया जातो.

मूल आजारी पडलं तर

जुलाबात खाणं बंद करायचं नाही. जलसंजीवनी (ओआरएस), झिंकच्या गोळ्या १४ दिवस, आणि मऊ खिचडी, दही-भात, केळं थोडं थोडं चालूच. बाळ अंगावर पीत असेल तर जास्त वेळा पाजा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या, झडलेलं वजन त्याच दिवसांत भरून येतं.

दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि नोंद स्वतः बघा. सलग दोन महिने वजन जागचं हललं नाही तर तिसऱ्याची वाट नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड पट्टीने मोजून घ्या: साडेबारा सेंटिमीटरच्या खाली काळजी, साडेअकराच्या खाली तातडी. पायांवर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल, किंवा मूल खायलाच तयार नसेल, तर घरी भरवत बसू नका. अशा मुलाला एकदम पोटभर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं. अंगणवाडी सेविकेला सांगून त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्र असलेल्या रुग्णालयात न्या. वाटेत ते गारठणार नाही असं गुंडाळा, आणि घोटघोट पाजत राहा.