गाडीचं कूलंट कमी झालंय? नुसतं टॉपअप मारून सोडू नका

मे महिन्यात कसारा घाट चढताना आमच्या गाडीचा टेम्परेचरचा काटा आधी वर गेला आणि मग आपोआप खाली आला, आम्हाला वाटलं चला झाली थंड, आणि दोन वळणं पुढे गेलो तर बॉनेटमधून वाफा. मेकॅनिकने नंतर सांगितलं की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) इतकं उतरलं होतं की सेन्सर कोरडाच पडला, तो काय मोजणार? म्हणून कळकळीने सांगतो, एकट्या काट्याच्या भरवशावर राहू नका.

कूलंटचं काम साधं आहे. वॉटर पंप ते ब्लॉक आणि हेडमधून (इंजिनाचा खालचा आणि वरचा भाग) फिरवतो, तिथली उष्णता घेऊन ते रेडिएटरमध्ये (पुढच्या बारीक नळ्यांच्या जाळीत) येतं, वाऱ्याने नाहीतर फॅनने थंड होऊन परत आत. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट (तापमानावर उघडणारा व्हॉल्व्ह) रेडिएटरची वाट बंद ठेवतो, साधारण ८२ ते ९० डिग्रीला उघडतो. नुसतं पाणी १०० ला उकळतं, त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य केमिकल) असलं की १०७ च्या आसपास, आणि रेडिएटरचं झाकण प्रेशर धरून ठेवतं म्हणून त्याच्याही बरंच वर. झाकणाचं रबर गेलं की हे सगळं फुकट जातं, आणि तेच कोणी बघत नाही!

चेक सकाळी करा, गाडी सपाट जागी आणि पूर्ण थंड. कूलंटच्या बाटलीवर मिन आणि मॅक्सच्या रेघा असतात, मधे असलं की बास. आता मुद्द्याचं, कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही, दर महिन्याला खाली जात असेल तर ते कुठेतरी जातंय. होज पाईपच्या क्लिपपाशी वाळलेले पांढरे-हिरवे डाग बघा, वॉटर पंपाखाली ओल बघा, ऑईलचं झाकण उघडून आत दुधाळ चहासारखा थर दिसतो का बघा. तसा थर आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, दोन्ही असेल तर बहुतेक हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलंय, तशीच दामटली तर हेड वाकतं आणि खर्च कुठच्या कुठे जातो.

रस्त्यात गाडी तापली तर एसी बंद, हीटर फुल गरम (घाम फुटेल पण इंजिनची उष्णता बाहेर येते), आणि जागा मिळताच बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरच्या झाकणाला लगेच हात लावू नका, उकळता फवारा थेट तोंडावर येतो, निदान पाऊण तास थांबाच. तापलेल्या इंजिनात गार पाणी पण नको, हेडला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर घरी पोचण्यापुरतं बाटलीबंद पाणी चालेल, बोअरचं शक्यतो नको, क्षार धरतात. नंतर मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच कूलंट भरून घ्या, रंग बघून नाही.

आणि सांडलेलं लगेच धुऊन काढा, चवीला गोड असतं म्हणून कुत्री चाटतात, मांजरंही तोंड लावतात, आणि ते त्यांना विष आहे.