घरच्या भाजीचं बी धरताना

बियाण्यासाठी शेवटची, वेडीवाकडी, कोणी खात नाही अशी फळं राखायची, ही बी धरण्यातली सगळ्यात मोठी चूक. पुढच्या वर्षी मग तसलीच भाजी येते. फुलोरा सुरू होताच वाफ्यातलं सगळ्यात निरोगी, भरपूर धरणारं झाड हेरावं, त्याला लाल दोरा बांधावा आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवावं, की या झाडाची तोडणी करायची नाही.

मूळ बी गावरान किंवा सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेलं हवं. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' (संकराची पहिली पिढी) लिहिलेलं असेल तर त्याचं बी उगवतं, पण एका फळाचं दुसऱ्याशी साम्य राहत नाही. गावरान बी आठवडी बाजारात, जुन्या बागायतदारांकडे किंवा बियाणे बँकेत मिळतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम गावरान बी जपण्यासाठीच ओळखलं जातं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क आहे. संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदलेल्या वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता मात्र येत नाही.

सुरुवात वाल, चवळी, घेवडा, मेथी, टोमॅटो यांपासून करावी. यांचं परागीकरण बहुतेक फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे भेसळीची भीती कमी. भेंडी, वांगी, मिरची यांत मधमाश्या थोडीफार सरमिसळ करतात. शेजारी दुसरा वाण असेल तर उद्या उमलणाऱ्या कळीवर आदल्या संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी बांधावी आणि फळ धरलं की काढावी.

खरी कसोटी वेलांची. दुधी आणि दोडका यांचा एकमेकांशी संकर होत नाही, पण दुधीचा दुसऱ्या दुधीशी होतो. मिरजेत तंबोऱ्याला लागणारा कडू भोपळासुद्धा दुधीचाच जातभाई. म्हणून परागीकरण हाताने करावं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. दुपारी तीन-चारच्या सुमारास त्या दिवशी उमलणाऱ्या फुगीर कळ्यांची टोकं दोऱ्याने बांधावीत, नर आणि मादी दोन्ही. मादी कळीच्या खाली इवलंसं फळ दिसतं, नराचा देठ नुसताच असतो. सातच्या सुमारास नरफूल तोडून पाकळ्या काढाव्यात, परागकण मादीफुलाच्या मध्यावर हलके घासावेत आणि मादीफूल पुन्हा बांधून टाकावं. नर शक्यतो त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलाचा घ्यावा. चार-पाच दिवसांत फळ पिवळं पडून गळलं तर पुन्हा करावं, तसं होतच असतं. एका वेलावर एक-दोनच फळं बियाण्याला ठेवावीत. जून फळं जास्त राहिली की वेल नवीन धरत नाही. काकडी, कारलं, तांबडा भोपळा यांच्या कळ्या आदल्या संध्याकाळी बांधाव्यात आणि परागीकरण सकाळी लवकर करावं.

चव कडू लागलेल्या दुधीचं बी कधीच धरू नये. असा दुधी खाणंही धोक्याचं असतं.

बी काढण्याची वेळ भाजी खायच्या वेळेच्या बरीच नंतर येते. भेंडी झाडावरच वाळून कडा तडकू लागल्यावर काढावी. वांगं पिवळं-तपकिरी होऊन लिबलिबीत व्हावं लागतं. ते पाण्यात कुस्करलं की टपोरं बी तळाशी बसतं आणि पोचट वर तरंगतं. दोडका वेलावर खडखडेपर्यंत वाळवावा, मग त्याच्या टोकाचं झाकण उघडून उलटा झटकला की बिया आपोआप पडतात. उरलेली जाळी भांडी घासायला वापरावी.

टोमॅटोला एक जास्तीची पायरी आहे. बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो. गर आणि बी वाटीत काढून थोडं पाणी घालावं, फडकं झाकावं आणि दिवसातून एकदा ढवळावं. उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत, थंडीत तिसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरते. लगेच धुऊन घ्यावं. त्याहून जास्त ठेवलं तर बी वाटीतच कोंभ काढतं. वाळवायला ताट किंवा जाळी घ्यावी. कागदावर ते इतकं चिकटतं, की सोलून काढावं लागतं.

बी बिघडतं ते बहुतेक ओल राहिल्याने. आधी दोन-तीन दिवस सावलीत, मग चार-पाच दिवस सकाळचं कोवळं ऊन द्यावं. दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर किंवा गच्चीच्या फरशीवर ठेवू नये, गर्भ भाजला जातो. वाळलं की नाही हे पाहायला भोपळ्याचं बी दुमडावं: वाकलं तर ओलं, कटकन मोडलं तर तयार. वालाचा दाणा दातांखाली चेपला जाता कामा नये, फुटला पाहिजे.

मग काचेच्या कोरड्या बरणीत भरावं आणि वाण, महिना, वर्ष लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी. कडधान्यात चाळलेली, पूर्ण गार झालेली लाकडाची राख मिसळावी. राख ओल शोषते आणि भुंगेऱ्यांची कातडी खरवडते. भुंगेऱ्याची अंडी शेतातच शेंगेवर घातलेली असतात, त्यामुळे नुसतं झाकण घट्ट लावून भागत नाही. नीट वाळलेले दाणे चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवले तर अंडी मरतात. ओलसर दाणे ठेवले तर मात्र दाणेच मरतात. फ्रीजरमधून काढलेली बरणी बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरतं.

कांद्याचं बी जेमतेम वर्षभर टिकतं, भेंडी आणि मिरची दोनेक वर्षं, टोमॅटो, वांगी आणि वेलवर्गीय चारेक वर्षं. पेरणीआधी २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, भेंडीला आठवडा आणि मिरचीला दोन आठवडे. १४ उगवल्या तर ७० टक्के समजावं. १० च उगवल्या तर एका जागी दोन बिया टोकाव्यात. चार-पाचच आल्या तर बी बदललेलं बरं.