कोल्हापुरात एका दिवसात खायचं कसं

सकाळी मिसळ. नऊच्या आत पोहोचा. रविवारी तर त्याहून लवकर, कारण चांगल्या ठिकाणी दुपारपर्यंत माल संपतो. इथे मिसळीबरोबर बहुतेक ठिकाणी पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, वेगळा मागून घ्या आणि थोडा थोडा ओता. एकदम ओतलात तर फरसाण मऊ पडतं आणि तिखट आवरत नाही. घसा पेटला तर पाणी पिऊ नका, त्याने तिखट जात नाही, दही घ्या.

जेवणाला मटण थाळी, आणि तीही शक्यतो बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी, कारण मटण खायचे वार तेच आणि ताजा माल तेव्हाच भरपूर. सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी जाणार असाल तर आधी फोन करा. खानावळी दुपारी तीन-साडेतीनला बंद होऊन संध्याकाळी उघडतात. पांढरा रस्सा आधी, नुसता, गरम असताना प्या: मटणाचा अळणी रस्सा, नारळाचं दूध, खसखस. तो जोरात उकळला की फुटतो. वाटीत कणी दिसली तर समजा, पुन्हा पुन्हा तापवलाय. तांबडा रस्सा भाकरीबरोबर, उरलेला भातावर. रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा वाढतात, मटणाचे तुकडे मात्र मोजके, म्हणून सुक्कं जपून खा.

संध्याकाळी खासबागेत भेळ. रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं. ते कच्चं असतं. पोट नाजूक असेल तर तापवलेलंच प्या.