स्वस्त परदेशी सफरचंद घेण्यापूर्वी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात परदेशी सफरचंद स्वस्त दिसले, तर आधी पेटीवर छापलेला मूळ देश वाचावा. फळावरच्या स्टिकरचा पाच अंकी आकडा ९ ने सुरू होत असेल तर माल सेंद्रिय म्हणून विकला जातो, मात्र फळ तोडणाऱ्या मजुराला काय मिळाले, हे तो आकडा सांगत नाही. बंदरापर्यंतची किंमत किलोला ५० रुपये किंवा त्याहून कमी असलेल्या सफरचंदांच्या आयातीवर भारताने मे २०२३ मध्ये बंदी घातली (भूतानला सूट दिली), म्हणून किरकोळ भाव त्याच्या आसपास असेल तर माल जुना आहे का, हे बेधडक विचारावे आणि देठाजवळ बोटाने दाबून पाहावे. केळ्यांसाठी एवढा खटाटोप नको. मयडे गावची केळी पाटीवाल्या बाईकडून घासाघीस न करता घ्यावीत. परदेशी किवी मात्र मीही घेतो.