कंबरदुखीसाठी योगोपचार करताना या चुका टाळा

नागपुरात योगवर्गांची वानवा नाही. रामनगरातील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळासारख्या संस्थांनी रुजवलेल्या परंपरेमुळे समाजभवनांत आणि बागांत पहाटे सतरंज्या अंथरल्या जातात. डॉक्टरांकडून केवळ ‘योगा करून बघा’ एवढेच ऐकून आलेले कंबरदुखीचे रुग्णही त्यांपैकीच एका सतरंजीवर येऊन बसतात. बहुतेक चुकांची सुरुवात इथेच होते. निरोगी माणसांसाठी आखलेला सामूहिक वर्ग वेगळा आणि दुखऱ्या कंबरेसाठी माणूस पाहून ठरवलेला योगोपचार वेगळा. वर्गात पहिल्याच दिवशी आपले दुखणे शिक्षकांना न सांगणे ही म्हणूनच मोठी चूक ठरते.

सर्वप्रथम एक खबरदारी घ्यावी. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, जांघेभोवती बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे यांपैकी काहीही झाल्यास एकही आसन न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. ताप, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा नुकताच लागलेला मार असल्यास आधी तपासणी करून घ्यावी.

१२ आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात, आणि अशा कंबरदुखीत औषधांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये योगाचाही समावेश केला. मात्र अपेक्षा रास्त असाव्यात. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यानुसार काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योगाने होणारी सुधारणा लहान असते आणि कंबरेच्या इतर व्यायामांहून ती फारशी वेगळी नसते. योगामुळे होणाऱ्या त्रासांत कंबरदुखी वाढणे हाच त्रास सर्वाधिक आढळतो. म्हणजेच आसन कोणते आणि कसे करायचे, यावर बरेच काही अवलंबून आहे.

पुढे वाकण्याचा अट्टहास

माझ्या मते सर्वाधिक नुकसान याच चुकीने होते. ‘कंबर आखडली आहे, ती ताणली की मोकळी होईल’ असे समजून लोक पश्चिमोत्तानासनात पायाचे अंगठे पकडण्यासाठी झटतात. प्रत्यक्षात मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. ते ओटीपोटाच्या हाडाला पुढे झुकू देत नाहीत आणि सगळा बाक कंबरेच्या मणक्यांवर येतो. बसल्यावर, वाकल्यावर किंवा शिंकल्यावर ज्यांची कळ वाढते, त्यांच्या मणक्यांमधील गादीला हे सोसत नाही. सूर्यनमस्काराच्या १२ स्थितींत उभ्याने पुढे वाकणे दोनदा येते, त्यामुळे १२ नमस्कार घातले की २४ वेळा कंबर वाकते, हे किती जणांच्या लक्षात येते? अशा रुग्णांनी पाठीवर निजून, एका तळपायाभोवती पंचा किंवा ओढणी अडकवून तो पाय हलकेच वर घ्यावा. मांडीला हवा तो ताण मिळतो आणि कंबर जमिनीवर विसावलेली राहते. पाठीचा कणा ठिसूळ झालेल्या स्त्री-पुरुषांनी तर खोल पुढे वाकणे वर्ज्यच मानावे, कारण त्यात मणका दबून मोडण्याचा धोका असतो.

यात वेळेचाही प्रश्न आहे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात वाकण्याचा ताण अधिक बसतो. मे महिन्यात आपल्याकडे उठल्याबरोबर कूलर भरण्याचे काम असते. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलोहून अधिक वजन. ते झोपेतून उठल्या उठल्या कमरेत वाकून उचलायचे आणि लगेच वर्गाला जाऊन पायाला हात लावायचे, हा क्रम मोडावा. पाणी नळीने भरावे. आधी थोडे चालून यावे आणि अभ्यासाची सुरुवात मार्जारासनाच्या, म्हणजे हात-गुडघ्यांवर ओणवे राहून पाठ वर-खाली करण्याच्या, संथ हालचालींनी करावी.

मागे वाकणे सर्वांनाच मानवत नाही

भुजंगासन कंबरदुखीचे रामबाण औषध असल्याचे सर्रास सांगितले जाते. गादीच्या दुखण्यात अनेकांना त्याने उतार पडतो हे खरे. परंतु उतारवयात मणक्यातील पोकळी अरुंद झालेल्या ज्या व्यक्तीचे पाय चालताना भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर मोकळे होतात, तिचा त्रास त्याच आसनाने वाढू शकतो. तिला पाठीवर निजून एकेक गुडघा छातीशी घेणे सहसा अधिक मानवते. शेजाऱ्याला लागू पडलेले आसन आपल्यालाही लागू पडेलच असे म्हणूनच नाही. भुजंगासन करणाऱ्यांनीही हातांच्या जोरावर धड उचलू नये. नाभी जमिनीलाच राहू द्यावी.

अभ्यास सोसतो आहे की नाही, हे कसे ओळखावे?

आसन करतानाच्या सुखापेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ अधिक खरे सांगते. नेहमीपेक्षा जास्त ताठरपणा जाणवला, तर आवर्तने निम्मी करावीत. कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कंबरेकडे सरकत असेल, तर कंबर थोडी दुखत असली तरी ते सहसा चांगले लक्षण असते. उलट ती कंबरेतून पायाकडे उतरू लागली, मुंग्या येऊ लागल्या, की ते आसन तिथेच थांबवावे. श्वास रोखला जात असेल, तर आपण आपल्या क्षमतेपलीकडे गेलो आहोत असे समजावे. शवासनातून झटक्याने उठून बसण्याची सवयही सोडावी. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे.

दोन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात. ३२० जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत योगाचा लाभ फिजिओथेरपीच्या तोडीचा दिसला, पण तिथेही वर्ग १२ आठवडे चालले होते. तेवढा अवधी द्यावा, आणि त्या काळात चालू औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

मधूनच एखाद्या दिवशी दुखणे उसळेल. त्या दिवशी आसने बाजूला ठेवून, पाठीवर निजून, पोटऱ्या खुर्चीवर टेकवून दहा मिनिटे संथ श्वसन करावे, दिवसभर अंथरुणाला खिळून न राहता घरातल्या घरात थोड्या थोड्या वेळाने चालावे, आणि कळ ओसरल्यावर नेहमीच्या निम्म्या अभ्यासापासून पुन्हा सुरुवात करावी.